काळ्या कातळाखालचा तांबूस पाया

मराठवाड्यातल्या मंठ्याच्या शिवारात विहिरीचे काम चालू असले की काठावरचे ढीग पाहूनच खाली काय लागले ते कळते. पहिला ढीग काळ्या मातीचा. दुसरा पिवळट मुरमाचा. मग मांजऱ्या, पहारीला दाद देणारा पण फावड्याला न जुमानणारा. त्याखाली काळा पाषाण. तो लागला की पहार बाजूला पडते आणि सुरुंगाची बोलणी सुरू होतात. मधूनच वीत-दोन वितींचा तांबड्या गेरूचा पट्टा येतो, कुठे गारगोट्यांनी भरलेली पोकळी फुटते, आणि त्याच्याखाली पुन्हा काळाच दगड. बोअरची गाडी आली तरी तेच. नळीतून उडणारी भुकटी राखाडी, गेरू लागला तर घटकाभर लाल, मग पुन्हा राखाडी.

हा प्रत्येक काळा थर म्हणजे एकेक लाव्हाप्रवाह. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला, थंड झाला. ऊन-पाऊस खाऊन त्याच्या माथ्यावर लाल माती धरली आणि पुढचा प्रवाह येऊन ती दाबली, भाजली गेली. तोच हा गेरू. थरावर थर चढत जाऊन आजचा बहुतेक महाराष्ट्र आणि आसपासचा मुलूख मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचे पठार झाले. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, देवळाच्या पायऱ्या, गढीचे बुरूज: मराठवाड्याच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या जो दगड लागला तो हाच बेसाल्ट.

पण लाव्हा काही अधांतरी पसरला नाही. त्याच्याआधी इथे जमीन होती आणि ती काळी नव्हती. ती गुलाबी, राखाडी, चमकत्या अभ्रकाच्या ठिपक्यांची, ग्रॅनाइटची आणि त्याच्या पट्टेदार भावंडाची, म्हणजे नाइसची होती. तिचे वय दोन-अडीचशे कोटी वर्षांच्या घरात, काही ठिकाणी त्याहूनही जुने. मंठ्याच्या कुठल्याही विहिरीत ती दिसत नाही. तरीही ती खाली आहे, कशाची बनलेली आहे, साधारण किती जुनी आहे, हे आज सांगता येते. हा शोध दोनशे वर्षे चालला, आणि त्यातला सर्वांत नाट्यमय भाग मंठ्याहून पूर्णा ओलांडून गेल्यावर, तासाभराच्या वाटेवर घडला आहे. लोणारला.

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा तीसेक मीटर उंच, आणि काठावरून तळ्याच्या पाण्यापर्यंतची उतरण शंभर मीटरांहून अधिक. पुराणकथा सांगते की लवणासुर इथे जमिनीखाली लपून राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात, पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचे झाकण उडवून त्याचा वध केला. तळ्याचे खारे पाणी हे त्या लवणासुराचे रक्त. गावातले दैत्यसूदन मंदिर या कथेचे दगडी रूप आहे. झाकण उडाले आणि खालचे काही उघडे पडले, ही कल्पना लोकांनी विज्ञानाच्या कितीतरी आधी करून ठेवली होती.

व्यवहारी माणसाला मात्र लोणार ठाऊक होते ते क्षारांसाठी. उन्हाळ्यात पाणी आटले की चिखलातून सोडा काढला जाई, आणि त्याच्या प्रतींना दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’तही वऱ्हाडाच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली, आणि त्यानंतर एकेक भूवैज्ञानिक इथे येऊ लागला. सर्वांना एकच प्रश्न पडे: सपाट पठारात हा एवढा गोल खड्डा आला कुठून?

एकोणिसाव्या शतकात उत्तर जवळजवळ ठरलेले होते. सगळा मुलूखच ज्वालामुखीचा, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ सालच्या भारतीय भूविज्ञानाच्या ग्रंथात लोणारचे कारण स्फोटच दिले आहे, कारण दुसरे काही सुचण्यासारखे नव्हते. १८९६ मध्ये अमेरिकेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ॲरिझोनातल्या अशाच एका गोल खड्ड्याचा विचार करत होता. तो वाफेच्या स्फोटाने झाला असावा या निष्कर्षावर येताना त्याने लोणारचा दाखलाही पुढे केला. दोन्ही ठिकाणी गिल्बर्ट चुकला होता. पण दोन खंडांतले हे दोन खड्डे एकाच जातीचे असावेत ही त्याची नजर पक्की होती, आणि तिचे मोल कमी नाही. १९१२ मध्ये ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणारच्या भूविज्ञानावर सविस्तर लिहिले. तेव्हाही आकाशातून काही पडले असेल हा विचार कुणाच्या गावी नव्हता.

तो विचार आला विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९६४ मध्ये लाफाँड आणि रॉबर्ट डिएट्झ यांनी लोणार हे उल्कापाताचे विवर आहे का, असा प्रश्न उघडपणे मांडला. माणूस चंद्रावर जायच्या तयारीत होता आणि चंद्रावरची कित्येक विवरे काळ्या बेसाल्टातच होती. पृथ्वीवर बेसाल्टात पडलेले उल्काविवर मिळाले असते तर ते शास्त्रज्ञांना हवेच होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विवराच्या तळात छिद्रे पाडली. गाळ संपला आणि खाली फुटलेल्या, चुरडलेल्या दगडांचा भराव लागला. त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट सापडले.

मॅस्केलिनाइट ही साधी काच नव्हे. बेसाल्टात फेल्डस्पार नावाचे पांढरट खनिज असते. त्याच्यावर अतिप्रचंड दाबाची लाट क्षणार्धात आदळली तर ते वितळण्याआधीच आतल्या आत काच होऊन बसते, आणि स्फटिकाचा मूळ आकार तसाच राहतो. कुठल्याही ज्वालामुखीला एवढा दाब निर्माण करता येत नाही. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कर्ट फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डी. जे. मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम यांचा लेख आला. लोणार हे उल्काविवर आहे हे तिथे सिद्ध झाले, आणि बेसाल्टात पडलेले पृथ्वीवरचे तोवर माहीत असलेले ते एकमेव विवर ठरले. काठावर खणलेल्या चरांत वितळलेल्या खडकाचे गोळे आणि काचेचे मणी मिळाले होते. अपोलोच्या यानांनी चंद्रावरून आणलेल्या मण्यांशी त्यांचे जवळचे साम्य होते.

इथे बहुतेक पुस्तकांतली लोणारची गोष्ट संपते. खरे तर इथूनच ती आपल्या पायाखाली उतरू लागते.

त्यासाठी समस्थानिकांची, म्हणजे आयसोटोपची, तोंडओळख हवी. हा शब्द १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडीने रूढ केला. एकाच मूलद्रव्याचे अणू, रासायनिक वागणूक एकच, वजन मात्र थोडे कमी-अधिक. स्ट्रॉन्शियम ८६ आणि स्ट्रॉन्शियम ८७ हे असे दोन भाऊ. पहिल्याचे प्रमाण खडकात कायम राहते. दुसरा मात्र हळूहळू वाढतो, कारण रुबिडियम ८७ हा किरणोत्सारी अणू क्षय पावून त्यात भर घालत असतो. हा क्षय इतका संथ आहे की अर्धे रुबिडियम संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात. विश्वाचे वयही त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तरीही दोनशे-अडीचशे कोटी वर्षांत मोजता येईल एवढा फरक पडतो.

रुबिडियम पोटॅशियमच्या पाठोपाठ जाते, आणि पोटॅशियम ग्रॅनाइटच्या गुलाबी फेल्डस्पारात आणि अभ्रकात भरपूर असते. म्हणून जुन्या ग्रॅनाइटमध्ये स्ट्रॉन्शियम ८७ साचत जाते. पृथ्वीच्या पोटातून, प्रावरणातून थेट वर आलेल्या लाव्हात दोन स्ट्रॉन्शियमांचे गुणोत्तर ०.७०३-०.७०४ च्या आसपास असते. जुन्या ग्रॅनाइटमध्ये ते ०.७२, ०.७५, कधी त्याहूनही वर जाते. निओडिमियम या दुसऱ्या मूलद्रव्याचे गणित उलट चालते. समेरियमपासून बनणारे निओडिमियम १४३ जुन्या ग्रॅनाइटमध्ये तुलनेने कमी असते. म्हणजे ग्रॅनाइटचा अंश मिसळलेल्या दगडात स्ट्रॉन्शियमचा काटा वर जातो आणि निओडिमियमचा खाली. दोन काट्यांची ही उलटसुलट हालचाल म्हणजे ग्रॅनाइटचा अंगठा. तो वितळवा, ओता, काच करा, शेकडो पट काळ्या दगडात मिसळा. खूण पुसट होते, जात नाही.

ही खूण दख्खनच्या लाव्हात आहे का, हे तपासण्याचे मोठे काम १९८० च्या दशकात सह्याद्रीत झाले. मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स, ख्रिस हॉक्सवर्थ, पीटर हूपर, जॉन महोनी अशा अनेकांनी घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतींवरून प्रवाहामागून प्रवाह मोजले, नमुने घेतले, आणि रसायन व आयसोटोप यांच्या आधाराने थरांचे गट पाडले. त्या गटांची नावे वाचताना मराठी माणसाला आपल्या गावांची पंगत बसल्यासारखी वाटते: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरच्या भूविज्ञानाच्या नियतकालिकांत ही नावे अशीच छापली जातात.

त्यातून दिसले ते असे. आंबेनळीचा लाव्हा जवळजवळ निर्मळ, गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास. बुशेचा लाव्हा मात्र ०.७१३ ते ०.७२० पर्यंत चढलेला. वर येताना त्याने वाटेतल्या जुन्या कवचाच्या भिंती खरवडल्या, वितळवल्या, आपल्यात घेतल्या. खंडाळ्याच्या घाटात उभे राहून ज्या काळ्या कड्याकडे आपण पाहतो त्यातला काही भाग म्हणजे लाव्हात विरघळलेले प्राचीन कवच आहे, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

लाव्हा जुन्या खडकाचे नुसते सत्त्वच नव्हे, कधी तुकडेही घेऊन आला. धुळे जिल्ह्यात राजमाने आणि तळवाडे इथे दोन डाइक आहेत. डाइक म्हणजे भेगेत थिजलेली लाव्हाची भिंत. त्या काळ्या भिंतींत फिकट रंगाचे परके दगड रुतून बसले आहेत, बुंदीच्या लाडवात बेदाणे दिसावेत तसे. ग्रॅनाइट, नाइस, क्वार्टझाइट. २००८ मध्ये आयआयटी मुंबई, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, पुणे विद्यापीठ अशा संस्थांतल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या तुकड्यांतले स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर ०.७१ पासून ०.७८ पर्यंत पसरलेले निघाले. अर्थ स्पष्ट होता. दख्खनच्या मध्यभागाखाली एकसारखी ग्रॅनाइटची लादी नाही. तिथे नाना जातींच्या, नाना वयांच्या खडकांची गोधडी आहे.

याच्या दोन वर्षे आधी, २००६ मध्ये, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातून रमानंद चक्रवर्ती आणि आशिष बसू यांनी लोणारवर एक लेख लिहिला. त्यांनी विवराच्या भिंतीतला मूळ बेसाल्ट आणि आघाताने वितळून-चुरून बनलेला ब्रेशिया, दोन्हींचे स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि शिसे यांचे आयसोटोप मोजले. बेसाल्टाचे कुळ लागले: सह्याद्रीतल्या पोलादपूर गटाशी त्याची खूण जुळली. कोकणातल्या पोलादपूरचे नाव बुलढाण्यातल्या लोणारच्या दगडाला लागले. ब्रेशियाचे मात्र या बेसाल्टाशी पूर्ण जुळेना. त्याचे काटे ग्रॅनाइटच्या दिशेने सरकलेले होते. लेखकांनी निष्कर्ष काढला की या दगडात बेसाल्टाखालच्या, आर्कियन काळातल्या म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुन्या पायाचा अंश मिसळला आहे.

हे मोजमाप होते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तुरीच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा घ्यायचा. तो आधी धुवायचा, सौम्य आम्लात बुडवून वरचे पुट काढायचे, कारण वाऱ्या-पावसाने चिकटलेली धूळही स्ट्रॉन्शियम आणते. मग खलात त्याची पीठासारखी पूड. ती टेफ्लॉनच्या झाकणबंद भांड्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात तापत ठेवली की काही दिवसांत दगडाचे पाणी होते. ते पाणी राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या काचनळीतून थेंबथेंब सोडायचे. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या वेळी खाली उतरते. गोळा झालेला स्ट्रॉन्शियमचा थेंब वाळवून धातूच्या केसाएवढ्या पट्टीवर ठेवायचा आणि निर्वात यंत्रात ती पट्टी लालबुंद करायची. सुटलेले अणू चुंबकाच्या क्षेत्रातून वळतात. हलके जास्त वळतात, जड कमी. दोन पेल्यांत दोन भाऊ वेगळे मोजले जातात, आणि दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या-सहाव्या आकड्यापर्यंत उत्तर येते. एवढे सगळे करून जो फरक हाती लागतो तो ०.००१ चा असू शकतो. त्या हजाराव्या भागात ग्रॅनाइट बोलतो.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी लोणारचे वयही नव्याने मोजले गेले. आधीच्या मोजमापांत ते पन्नासेक हजार वर्षे येत होते. आर्गॉनच्या आयसोटोपवरून फ्रेड जूर्दां आणि सहकाऱ्यांनी काढलेले वय त्याच्या दहापट निघाले: सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

मग २०१७. चक्रवर्ती तोवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या वेळी बेसाल्ट, ब्रेशिया, काचेचे छोटे तुकडे, एक मिलिमीटरहून लहान मणी, आणि त्यांच्या जोडीला गेरूचाही नमुना घेतला. गेरू घेण्यात मोठी समज होती. ब्रेशियाचे स्ट्रॉन्शियम वाढले ते ग्रॅनाइटमुळे नसून मुरलेल्या तांबड्या मातीमुळे, अशी शंका कुणी घेतली असती तर तिला उत्तर हवे होते. मंठ्याच्या विहिरीत मजूर ज्या तांबड्या पट्ट्याला फारशी किंमत देत नाहीत, तोच पट्टा या तपासात साक्षीला उभा राहिला.

उत्तर आले ते तीन घटकांचे. पहिला पोलादपूर गटाचा बेसाल्ट. दुसरा आकाशातून आलेला पाषाण. काही मण्यांत त्याचा वाटा वजनाने १ ते ८ टक्के, इरिडियम आणि क्रोमियमवरून ओळखलेला. तिसरा बेसाल्टाखालचा प्राचीन पाया. ब्रेशियात आणि काचेच्या तुकड्यांत त्याचा वाटा १५ टक्क्यांपर्यंत. साडेसहा कोटी वर्षे झाकलेला खडक, त्याच्यावर साचलेला काळा खडक आणि अवकाशातून आलेला दगड, हे तिघे क्षणभर एकत्र वितळले आणि काच होऊन काठावर विखुरले.

इथे मनात एक अडचण येते, आणि ती रास्त आहे. आज विवर दीडेकशे मीटर खोल दिसते, आणि त्या भागातला बेसाल्ट काहीशे मीटर जाड. मग आघात ग्रॅनाइटपर्यंत पोचला कसा? याचा विचार करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. आज दिसतो तो मूळ खड्डा नव्हे. आघातानंतर लगेच भिंती ढासळल्या, चुरा आत भरला, त्याच्यावर लाखो वर्षांचा गाळ साचला. आणि आघाताची लाट खड्ड्याच्या तळाशी थांबत नाही. ती त्याच्याही खाली जाते. हा मुद्दा अजून पुरता मिटलेला नाही असेच मानणे योग्य. तो मिटवायचा तर लोणारच्या तळात खोल छिद्र पाडून खालचा गाभा वर काढायला हवा.

असे छिद्र मराठवाड्यात आधीच एकदा पाडले गेले आहे, आणि त्यामागे मोठे दुःख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. गणपती बुडवून आलेली गावे झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. मराठवाड्याच्या काळ्या पठारावर भूकंप होत नाही हा समज त्या रात्री संपला, आणि खाली नेमके काय आहे हा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता राहिला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट. मग आठ मीटर जुना गाळ, लाव्हा येण्याआधीच्या जमिनीवरचा. आणि त्याखाली तो पाया, उघड्या डोळ्यांना दिसणारा, हातात धरता येणारा.

तो साधा ग्रॅनाइट निघाला नाही. अपेक्षेपेक्षा जड, कवचात खूप खोलवर भाजून-दाबून घडलेला खडक होता. लाव्हा येण्याच्या कितीतरी आधी वरची कित्येक किलोमीटर जाडीची साल झिजून गेली होती आणि खोलचा खडक वर आला होता.

पश्चिमेला कोयनेतही हाच शोध चालू आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपामागचे कारण समजून घेण्यासाठी तिथे खोल वेधन सुरू झाले. रासाटीजवळच्या छिद्रात ९३३ मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागला. गोठणे येथील छिद्र तीन किलोमीटर खोल नेले; तिथे तो १,२४७ मीटरवर लागला. पुढचे काम कऱ्हाडच्या प्रयोगशाळेतून चालते. कोयनेच्या ग्रॅनाइटमधल्या झिर्कॉनच्या कणांत युरेनियमपासून बनलेले शिसे मोजले, तर वय २५० कोटींच्याही मागे जाते. झिर्कॉन हा मिठाच्या खड्याहूनही बारीक कण असतो. तो खडकाच्या जन्माच्या वेळी युरेनियम आत घेतो आणि शिशाला दारात उभे करत नाही. म्हणून आत जे शिसे सापडते ते सगळे नंतर, त्याच्या पोटातच, तयार झालेले. एवढ्या मोठ्या काळाचे इतके विश्वासू घड्याळ निसर्गात दुसरे क्वचितच असेल.

ग्रॅनाइटचे एक भावंड र्‍हायोलाइट. द्रव्य जवळजवळ तेच. ग्रॅनाइट खोल जमिनीत सावकाश गोठतो म्हणून त्याचे दाणे मोठे, र्‍हायोलाइट वर येऊन झटक्यात गोठतो म्हणून तो बारीक, कधी काचेसारखा. महाराष्ट्रात तो दिसतो मुंबईच्या किनाऱ्यावर, गोराई, मनोरी, मढ या भागांत, आणि त्याच कुळातला मालाडचा फिकट पिवळा दगड मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींत आहे. र्‍हायोलाइट आहे म्हणजे खालचा प्राचीन ग्रॅनाइट वितळून तो बनला असेल, असे कुणालाही वाटेल. १९८७ मध्ये लाइटफूट, हॉक्सवर्थ आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले सेठना यांनी आयसोटोप मोजले. खुणा बेसाल्टाच्याच जवळच्या निघाल्या. हा र्‍हायोलाइट मुख्यतः दख्खनच्याच बेसाल्टी द्रव्याच्या पुन्हा वितळण्यातून आला, प्राचीन कवचाची भर थोडीच, असे त्यांनी मांडले. त्यांच्या आकड्यांच्या आलेखावरून त्याचे वय निघाले सुमारे ६.१५ कोटी वर्षे, म्हणजे दख्खनच्या अखेरच्या पर्वातले. २००२ मध्ये हेतु शेठ आणि ज्योतिरंजन रे यांनी याच आकड्यांकडे पुन्हा पाहिले आणि विचारले: आलेखावर बिंदू सरळ रेषेत आले म्हणून ती वयाचीच रेषा मानायची का? दोन द्रव्ये कमी-अधिक मिसळली तरी तशीच रेषा येऊ शकते. ही सावधगिरी या विद्येचा कणा आहे. आयसोटोपचा आकडा खोटे बोलत नाही, पण त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो.

लोणारला आता अभयारण्याचे संरक्षण आहे, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रामसर यादीतही त्याचे नाव आले. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातमी झाली. खारे पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला होता. जालना, परभणी, बुलढाण्याच्या शाळांच्या सहली इथे येतात, देवळे पाहतात, पाणी पाहतात. त्या मुलांना काठावर उभे करून सांगायला हवे की तुमच्या गावाच्या विहिरीखाली जो दगड कुणी पाहिलेला नाही तो इथल्या मातीत काचेच्या रूपात आहे. मणी उचलून खिशात घालू नका, जागच्या जागी असू द्या. पण तो आहे हे घरी जाऊन जरूर सांगा.

मंठ्याहून हा पाया उघड्यावर पाहायचा असेल तर नांदेडचा रस्ता धरावा. जिंतूर, औंढा, वसमत, सगळीकडे काळा दगड, काळी माती, औंढ्याचे नागनाथाचे देऊळही काळ्या पाषाणाचे. नांदेड मागे टाकून नायगावच्या पुढे गेले की बेसाल्टाची जाडी संपत येते. कोयनेत हजार-बाराशे मीटर असलेला, किल्लारीत तीनशे अडतीस मीटर उरलेला हा काळा थर इथे तेलंगणाच्या सीमेकडे चपातीच्या कडेसारखा पातळ होत संपतो. बिलोली, देगलूरच्या माळावर मातीचा रंग बदलतो. गोल, पाठ फुगवलेले खडक जमिनीतून डोके काढतात. दगडखाणींत कापलेले ठोकळे एकावर एक रचलेले असतात, गुलाबी आणि राखाडी, आणि कापलेल्या ताज्या पृष्ठभागावर ऊन पडले की त्यांतले अभ्रकाचे कण चमकतात.